पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण : विहिरीपासून शेवटच्या नळापर्यंत

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात अनेक वर्षे वैद्यकी केली. औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. अकस्मात जुलाब व वांत्या सुरू होऊन अल्पावधीत माणसाचा प्राण घेणाऱ्या एका रोगाचे वर्णन त्यात आहे आणि त्या रोगाला येथील लोकांच्या तोंडी असलेलेच नाव दिलेले आहे. ते नाव म्हणजे 'मोडशी'. त्यापूर्वी १५४३ साली गोव्यात आलेल्या अशाच एका भयंकर साथीची हकीकत गास्पार कोरैया या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. पुढे हा शब्द युरोपात पोहोचला आणि फ्रेंच लोकांनी त्याचे रूप असे काही पालटले, की त्याचा त्यांच्या भाषेत 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ होऊ लागला. लक्षणांवरून पाहता ही मोडशी म्हणजे पटकीच होय, असे वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक मानतात.

ओर्ताच्या काळी या रोगाचे कारण कोणासच ठाऊक नव्हते. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने पटकीचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडून दाखविला. १८८४ साली रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात पटकीच्या रुग्णांच्या व एका तळ्याच्या पाण्याच्या तपासणीत या रोगाचे जंतू दाखवून दिले. १८९७ साली इंग्लंडमधील मेडस्टोन या गावी विषमज्वराची साथ आली असता जलवाहिन्या ब्लीचिंग पावडरीच्या द्रावणाने निर्जंतुक करण्यात आल्या, आणि १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात रोजच्या रोज क्लोरीन घालण्यास सुरुवात झाली. पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या वाडीवरील विहिरीत आज जी पांढरी पावडर पडते, तिच्यामागे एवढा इतिहास आहे.

या दोन तालुक्यांतील पाणीपुरवठ्याचे चित्र गेल्या काही दशकांत पुष्कळ पालटले. महाराष्ट्र व गोवा या राज्यांत १९९० साली झालेल्या करारानुसार उभ्या राहिलेल्या तिळारी प्रकल्पाचे पाणी कालव्यांतून डिचोली, पेडणे व बार्देश या भागांत येते. पेडण्यात चांदेल येथे, बार्देशात अस्नोडा येथे आणि सत्तरीत पडोशे येथे जलशुद्धीकरण प्रकल्प आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे 'हर घर जल' प्रमाणित झालेले देशातील पहिले राज्य ठरले. तरीही घराजवळची विहीर लोकांनी सोडलेली नाही, आणि सोडावी असेही कोणी म्हणणार नाही. कालव्याची दुरुस्ती निघाली, पंप बिघडला किंवा उंच भागातील वाडीवर नळाचे पाणी चढले नाही, की कळशी पुन्हा विहिरीवर जाते. शिवाय चवीच्या दृष्टीने विहिरीचेच पाणी श्रेष्ठ मानणारी घरे कमी नाहीत. मोठ्या शुद्धीकरण प्रकल्पावर क्लोरीनची देखरेख करण्यास प्रशिक्षित कर्मचारी व प्रयोगशाळा असते. वाडीची विहीर, शाळेची टाकी, देवळाजवळची तळी किंवा पाच-पन्नास घरांची लहान नळयोजना यांच्या वाट्याला मात्र बहुधा एक पंप चालविणारा माणूस आणि पावडरीची एक पिशवी एवढेच येते. प्रस्तुत लेखाचा विषय ही लहान व्यवस्था आहे.

घातलेला क्लोरीन आणि उरलेला क्लोरीन

गावोगावी सर्वसाधारणपणे विचारला जाणारा प्रश्न 'पावडर टाकली का?' असा असतो. नोंदवहीतही किती किलो पावडर खर्ची पडली याचीच नोंद आढळते. वस्तुतः या आकड्यावरून पाणी सुरक्षित झाले किंवा कसे, हे मुळीच कळत नाही.

याचे कारण असे की, पाण्यात गेलेल्या क्लोरीनला आधी पाण्याचे देणे भागवावे लागते. पाण्यातील कुजका पाला, माती, शेवाळ, लोह, अमोनिया व जंतू हे सारे त्याचे सावकार होत. त्यांची मागणी पुरी होईपर्यंत क्लोरीन खर्च होत राहतो. मागणी भागल्यावर जो मोकळा उरतो, त्याला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. पुढे जलवाहिनीत, टाकीत किंवा घरातील हंड्यात नव्याने शिरलेल्या जंतूंचा समाचार घेण्याचे काम या शिलकीचे आहे. ज्या दिवशी मागणी पुरवठ्याहून अधिक होते, त्या दिवशी शिल्लक शून्य असते. मग नोंदवहीत पावडरीचा खर्च कितीही दाखविलेला असो, पाणी राखणदाराविना घरात जाते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा अवशिष्ट क्लोरीन असावा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा हे प्रमाण किमान ०.५ मिलिग्रॅम असावे. क्लोरीन व पाणी यांचा संपर्क निदान अर्धा तास झाला पाहिजे. खुल्या विहिरीच्या बाबतीत एक तास धरणे अधिक बरे.

डिचोलीच्या लोहयुक्त भूमीत या हिशेबाला एक विशेष अडचण आहे. पाण्यात विरघळलेले एक मिलिग्रॅम लोह सुमारे ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन खाते. मँगनीज तर त्याच्या दुपटीने खाते. क्लोरीन पडताच हे विरघळलेले लोह तांबूस गाळाच्या रूपाने बाहेर पडते. 'पावडर टाकल्यावर पाणी बिघडले' ही तक्रार पुष्कळदा येथून उद्भवते. पाणी वास्तविक बिघडलेले नसते. आधीपासून असलेले लोह आता डोळ्यांना दिसू लागलेले असते. अशा ठिकाणी पाणी उंचावरून टाकीत सोडून हवेशी मिसळू द्यावे, लोह खाली बसू द्यावे आणि मग क्लोरीन घालावा. त्यायोगे पावडर वाचते आणि तक्रारही मिटते. जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असते, ही मात्र एक अनुकूल गोष्ट आहे. कारण अशा पाण्यात क्लोरीन अधिक प्रभावीपणे काम करतो.

पावडरीचे वय

ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. दमट हवा, ऊन आणि उष्णता यांमुळे तो झपाट्याने उडून जातो. कोकणपट्टीच्या हवेत तर हे नुकसान अधिकच. मे महिन्यात आणलेले पोते तोंड उघडे ठेवून ओसरीच्या कोपऱ्यात टाकले, तर श्रावणात त्यात राहतो तो बव्हंशी चुना. पावडरीला उग्र वास येतो म्हणजे ती चांगली आहे, ही समजूतही खरी नव्हे. ओलसर झालेली, गुठळ्या धरलेली पावडर कमकुवत समजावी व तिचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. एकदम वर्षाची खरेदी करण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांपुरता साठा घेणे, तो झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात, अंधाऱ्या, कोरड्या व हवेशीर जागी ठेवणे आणि पिंपावर आणल्याची तारीख लिहिणे, हे अल्प खर्चाचे काम आहे. पावडर कीटकनाशके, रॉकेल किंवा शौचालय साफ करण्याची आम्ले यांच्याजवळ कदापि ठेवू नये. आम्लाशी संबंध येताच तिच्यातून विषारी वायू सुटतो.

विहिरीचे गणित

गोल विहिरीतील पाणी मोजण्याची रीत प्राथमिक शाळेतील वरच्या वर्गातील मुलांनाही साधते. व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४. मापे मीटरमध्ये घेतल्यास उत्तर घनमीटरमध्ये येते. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. स्वच्छ पाण्याच्या दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम पावडर लागते, असा ढोबळ हिशेब आहे.

समजा, विहिरीचा व्यास ३ मीटर आहे आणि एप्रिलमध्ये पाणी ४ मीटर खोल आहे. विहिरीत २८,२६० लिटर पाणी झाले व त्यास सुमारे ७० ग्रॅम पावडर लागेल. त्याच विहिरीत श्रावणात ७ मीटर पाणी चढले, तर ते ४९,४५५ लिटर होते व पावडर सुमारे १२५ ग्रॅम लागते. पावडर जुनी होऊन तिच्यातील क्लोरीन २० टक्क्यांवर आला असेल, तर हेच वजन २०० ग्रॅमच्या वर जाते. शिवाय पावसाळ्यातील गढूळ पाण्याची मागणी वेगळी. उन्हाळ्यात ठरविलेली एक 'वाटी' वर्षभर वापरणे किती घातक आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे. शाळेतील शिक्षकांनी विहिरीचे माप घेण्याचा पाठ प्रत्यक्ष विहिरीवर, अर्थात सुरक्षित अंतर राखून, घेतला तर गणिताचा तास सत्कारणी लागेल आणि गावाला एक उपयुक्त तक्ता मिळेल.

कोरडी पावडर विहिरीत फेकू नये. ती चुन्याच्या गोळ्यांसह तळाशी बसते आणि वरच्या पाण्यापर्यंत तिचा प्रभाव पोहोचत नाही. वजन केलेली पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून तिची पेज करावी. एका बादलीत १०० ग्रॅमहून अधिक पावडर घेऊ नये. मग बादली पाऊण भरेल इतके पाणी घालून ढवळावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. चुना खाली बसतो. वरचे निवळ द्रावण दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोराने पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडावी व वरखाली हलवून द्रावण सर्वत्र मिसळावे. खालचा चुना विहिरीत टाकू नये. हे काम करताना नाकातोंडावर फडके बांधावे आणि वारा पाठीमागून येईल असे उभे राहावे. सर्वांत योग्य वेळ म्हणजे रात्री, दिवसाचा उपसा संपल्यावर. सकाळी पहिली कळशी बुडण्यापूर्वी क्लोरीनला आपले काम करण्यास पुरेसा अवधी मिळतो.

ज्या घरगुती विहिरीवर रोज कोणी लक्ष देऊ शकत नाही, तिच्यासाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, दोन मडक्यांची युक्ती शोधून काढली. लहान मडक्यात एक किलो पावडर व दोन किलो जाडी वाळू यांचे ओलसर मिश्रण भरतात. या मडक्याला वरच्या बाजूस एक सेंटीमीटरचे भोक असते आणि मिश्रण त्या भोकाच्या थोडे खालपर्यंतच भरायचे असते. हे मडके दुसऱ्या मोठ्या मडक्यात ठेवतात. त्या मोठ्या मडक्याला तळापासून चार सेंटीमीटरवर तसेच भोक असते. तोंड प्लॅस्टिकने बांधून ही जोडी पाण्याखाली निदान एक मीटर सोडतात, म्हणजे कळशी आपटून ती फुटत नाही. सुमारे ४,५०० लिटर पाणी असलेल्या आणि दिवसाला ३६० ते ४५० लिटर उपसा असलेल्या विहिरीत ही जोडी दोन ते तीन आठवडे क्लोरीन पाझरत ठेवते. मोठ्या सार्वजनिक विहिरीला ती पुरी पडत नाही, हे विसरू नये.

टाकी, वाहिनी आणि टोकाचे घर

नळयोजनेत क्लोरीनचे द्रावण टाकी भरत असतानाच सोडावे, म्हणजे येणाऱ्या पाण्याबरोबर ते आपोआप मिसळते. ५०,००० लिटरच्या टाकीला दर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा झाल्यास १०० ग्रॅम क्लोरीन लागेल. म्हणजे ताजी पावडर सुमारे ३०० ग्रॅम, २० टक्क्यांची असल्यास ५०० ग्रॅम. टाकी भरल्यावर अर्धा तास थांबून मगच व्हॉल्व्ह उघडावा. पहाटे पाणी सोडण्याच्या घाईत हा अर्धा तास वगळला जातो, आणि तसे झाल्यास टाकीजवळच्या घरांना अर्धवट निर्जंतुक झालेले पाणी मिळते.

टोकाच्या घरांची स्थिती याहून निराळी असते. तेथे पाणी पोहोचेपर्यंत क्लोरीन वाटेतच संपलेला असतो. त्यात आठवड्यातून काही दिवस किंवा दिवसातून दोन तास असा खंडित पुरवठा असेल, तर धोका दुणावतो. पाणी बंद होताच वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि सैल सांध्यांतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. ती वाहिनी गटारातून किंवा शोषखड्ड्याजवळून गेलेली असेल, तर आत काय ओढले जाते हे सांगावयास नको. या कारणास्तव टाकीजवळच्या नळावर केलेली चाचणी ही चाचणीच नव्हे, असे म्हटले तरी चालेल. नमुना शेवटच्या नळाचा घ्यावा.

ही चाचणी कठीण नाही. पूर्वीपासून वापरात असलेल्या ऑर्थोटोलिडीन चाचणीत क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. मोकळ्या क्लोरीनचा रंग पहिल्या दहा सेकंदांत येतो. पाच-दहा मिनिटांनी गडद झालेला रंग पाहून समाधान मानणे चुकीचे आहे. ऑर्थोटोलिडीन हे द्रव्य आरोग्यास घातक असल्याने त्याच्या ऐवजी आता गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी अधिक पसंत केली जाते. डिचोलीसाठी हा बदल आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. लोह व मँगनीज यांच्यामुळेही ऑर्थोटोलिडीन पिवळे पडते. ज्या पाण्यात क्लोरीनचा अंशही नाही, ते अशा चाचणीत 'सुरक्षित' ठरू शकते. शंका असल्यास पावडर घालण्यापूर्वीच्या पाण्यावर तीच चाचणी करून पाहावी. तेथेही रंग आला, तर तो रंग क्लोरीनचा नव्हे.

जल जीवन मिशनखाली प्रत्येक गावातील निदान पाच महिलांना पाण्याच्या चाचणीचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. ही निवड शहाणपणाची आहे. कारण पाण्याचा रंग, वास व चव यांतील फरक घरात सर्वांआधी त्यांच्याच लक्षात येतो. या महिलांपैकी निदान एक जण वाहिनीच्या टोकाच्या घरातील असावी.

दिल्लीचा अनुभव

क्लोरीन सर्व काही करू शकतो, अशी समजूत करून घेणेही बरे नव्हे. १९५५ च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह सरकल्यामुळे नजफगड नाल्यातील सांडपाणी वजीराबाद येथील पाणी घेण्याच्या ठिकाणापर्यंत आले. शुद्धीकरण केंद्रावर क्लोरीनचे प्रमाण वाढविण्यात आले, आणि विषमज्वर किंवा हगवण यांची साथ आली नाही. परंतु पुढील काही आठवड्यांत दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटीस-ई या विषाणूमुळे झाली होती, हे पुढे अनेक वर्षांनी निष्पन्न झाले. गढूळ पाण्यातील घाणीच्या कणांआड दडलेल्या विषाणूंपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाल्यास शंभरातील वीस ते पंचवीस स्त्रिया दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. गढूळ पाणी आधी निवळून व गाळून घ्यावे आणि मगच त्यात क्लोरीन घालावा, असा आग्रह जाणकार धरतात तो यासाठी. आमांशाच्या जंतूंच्या कवचबद्ध अवस्थेवरही नेहमीच्या प्रमाणातील क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही. साथीच्या दिवसांत पाणी उकळून पिणे हा तेथे खात्रीचा मार्ग आहे.

सांडपाणी विहिरीत शिरूच न देणे हे तर पहिले काम. विहीर व शौचालय यांत निदान १५ मीटर अंतर असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. जांभ्या दगडात भेगा व पोकळ्या फार, आणि मांद्रे, मोरजी, हरमल या किनाऱ्यालगतच्या वाळूत पाणी उथळ. तेथे पंधरा मीटरही पुरतील अशी हमी नाही. पर्यटनाच्या हंगामात जेथे माणसे व शोषखड्डे दोन्ही वाढतात, तेथे विहिरीची तपासणी अधिक वेळा व्हावयास हवी.

वासाची तक्रार आणि वर्षातील अवघड दिवस

'पाण्याला औषधाचा वास येतो' म्हणून टोकाच्या वाडीवरून तक्रार आली, की पावडर कमी करण्याचा दबाव पंप चालविणाऱ्यावर येतो. या बिचाऱ्याला दोष देण्यापूर्वी लोकांना आकडे सांगितले पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या दृष्टीने दर लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा घालून दिली आहे; नळातील ०.५ हा तिचा दहावा भाग झाला. पाणी काही तास भांड्यात ठेवल्यास वास उडून जातो. मात्र त्याबरोबर राखणदारही जातो, म्हणून हंडा झाकलेला असावा आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे.

पहिल्या पावसाचा आठवडा हा सर्वांत धोक्याचा. उन्हाळाभर साचलेली घाण त्या पाण्याबरोबर विहिरीत उतरते. त्यानंतर येते चतुर्थी. वर्षभर बंद असलेली मूळ घरे उघडतात, मुंबई-पुण्याहून, आखातातून माणसे येतात आणि महिनोन् महिने उपसा नसलेल्या विहिरीचे पाणी एकाएकी तीस-चाळीस माणसे पिऊ लागतात. घराची साफसफाई व माटोळीची तयारी होते, त्याच दिवसांत विहिरीचा पालापाचोळा काढून ती निर्जंतुक करण्याचाही रिवाज पडावा. शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेसारख्या प्रसंगी, जेव्हा लहानशा गावात हजारो भाविक व व्रतस्थ धोंड एकत्र येतात, तेव्हा तर दिवसातून एकदा केलेली चाचणी पुरेशी मानू नये. पाण्याच्या टँकरमध्येही भरतेवेळी व वाटपाच्या ठिकाणी, अशा दोन्ही वेळी क्लोरीन तपासावा.

चाचणीत शिल्लक शून्य आढळल्यास ते शून्यच नोंदवावे. त्यानंतर पावडरीचा कस, टाकीतील संपर्काचा वेळ आणि वाहिनीची गळती यांची याच क्रमाने तपासणी करावी. दुरुस्ती होईपर्यंत त्या घरांना क्लोरीनच्या गोळ्या द्याव्यात. अर्ध्या ग्रॅमची एक गोळी वीस लिटर पाण्याला पुरते. गळती सापडलेल्या ठिकाणचे पाणी जंतूंसाठीही तपासावे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत के. एस. मांजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेली बाटलीची चाचणी यासाठी सोयीची आहे. ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरून बाटली उबदार जागी ठेवली असता एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले, तर ते विष्ठेने दूषित झाल्याचा संशय घ्यावा आणि नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. काळी पडलेली बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. तीत ब्लीचिंग पावडरीचे दाट द्रावण ओतून, काही तासांनी ती विहिरीपासून दूर पुरून टाकावी.